इंजिन चालतं, पण पंपाचं काय?

प्रश्न : कोळशापासून किंवा नैसर्गिक वायूपासून बनवलेलं कृत्रिम इंधन डिझेल गाड्यांत मिसळून वापरण्याआधी अमेरिकी सैन्य शेकडो तास इंजिन चालवून बघतं, असं वाचलं. इंजिन सुरू झालं, गाडीनं ओढ धरली, एवढं पुरे नाही का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही पुरत. पहिल्या दिवशी इंजिन काहीच कळू देत नाही.

मी तीस वर्षं डिझेल इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या पंप-नोझलचं काम केलं. ऐन ऊसतोडीत एक ट्रॅक्टर आला. सकाळी लागायचा, तापला की बंद, मग काही केल्या लागेना. टाकीत डिझेलबरोबर रेशनचं निळं रॉकेल होतं. पंप उघडला तर आतल्या पात्यांच्या कडा घासून आरशासारख्या झालेल्या, आणि बोटाला लागलेल्या इंधनात चांदीसारखी बारीक चमक. ते झिजलेलं लोखंड. रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं हो, आतून जातं ते इंधनच त्याचं वंगण! आणि रॉकेल डिझेलपेक्षा कोरडं.

अमेरिकी सैन्याचं 'जेपी-८' हेही जातीनं रॉकेलच, वर काही अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे थोडी पूरक रसायनं. विमानाला आणि ट्रकला एकच इंधन पुरवता यावं म्हणून ते डिझेल इंजिनांतही भरतात. त्यात फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२५च्या सुमारास जर्मनीत शोधलेल्या पद्धतीचं कृत्रिम इंधन मिसळलं की ते आणखी कोरडं होतं. हे इंधन पेट छान घेतं, गंधक जवळपास नसतं. पण धातूवर पातळ थर धरून राहणारे घटकही त्यात नसतात. म्हणून वंगणाचं अ‍ॅडिटिव्ह घालावंच लागतं, आणि किती घातलं म्हणजे पंप टिकतो हे तासन्‌तास चालवल्याशिवाय समजत नाही.

त्यांची ट्रकच्या इंजिनांची एक चाचणी २१० तासांची असते. २ तास पूर्ण भारावर, १ तास आयडलवर (भाराविना, संथ), असं आलटून पालटून दिवसाला १४ तास, मग १० तास बंद. 'नाटो'ची चाचणी ४०० तासांची. वाळवंटाचा विचार करून इंधन तापवूनही बघतात, कारण तापलेलं इंधन पातळ होतं आणि झिजलेला पंप तिथंच दगा देतो. आमच्या ट्रॅक्टरचं दुखणं नेमकं हेच होतं.

सीलचा, म्हणजे सांध्यातून इंधन गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी रिंगांचा, त्रास वेगळा. नेहमीच्या इंधनातल्या अरोमॅटिक (बेंझिनच्या जातीच्या) घटकांनी नायट्राइल रबराची ओ-रिंग थोडी फुगते आणि घट्ट बसते. फिशर-ट्रॉप्शच्या इंधनात हे घटक जवळजवळ नसतात, मग फुगलेली रिंग आकसते आणि गळती लागते. म्हणूनच विमानाच्या इंधनात त्याचं प्रमाण ५० टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत आणि मिश्रणात किमान ८ टक्के अरोमॅटिक लागतात. माझं मत विचाराल, तर कोऱ्या करकरीत रिंगा घालून चाचणी घेऊच नये. चार-पाच वर्षं नेहमीच्या इंधनात मुरलेल्या जुन्या रिंगा घालाव्यात. सैन्याच्या वापरातल्या गाड्यांत त्याच असतात.