‘हक्क’ खोडून ‘अधिकार’ लिहावं का?

परभणीहून एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे : “वादविवाद स्पर्धेचा विषय होता ‘उदारमतवादी समाजात धर्म आणि राजकारण’. माझ्या भाषणात ‘धर्म पाळण्याचा आणि न पाळण्याचाही हक्क’ असं वाक्य होतं. भाषण तपासणाऱ्यांनी सगळीकडं ‘हक्क’ खोडून ‘अधिकार’ केलं. हक्क उर्दू आहे, अधिकार शुद्ध मराठी, असं ते म्हणाले. स्पर्धेत समोरच्यानं मला विचारलं, ‘दुसऱ्याच्या धर्मावर बोलायचा तुम्हाला काय अधिकार?’ मला उत्तर सुचलं नाही. हे दोन शब्द एकच आहेत का? आणि तो बदल बरोबर होता का?”

ताई, बदल बरोबर नव्हता. समोरच्याला द्यायचं उत्तर त्या खोडलेल्या शब्दातच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही शब्दांपुढं कोणती क्रियापदं येतात ते पाहा. हक्क असतो, आपण तो सांगतो, मागतो, बजावतो, सोडतो. दुसरा तो डावलतो, हिरावतो. अधिकार मिळतो, कुणीतरी तो देतो, सोपवतो, काढून घेतो. ज्याच्याकडं आहे तो वापरतो, गाजवतो. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘मतदारांनी हक्क बजावला’ असंच छापून येतं. मतदारांनी ‘हक्क गाजवला’ असं मराठी माणूस म्हणणार नाही आणि ‘अधिकार बजावला’ असंही सहसा नाही. तहसीलदाराला अधिकार असतात. त्याच्या दारात उताऱ्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला हक्क असतो. त्या दोघांच्या मधे टेबल आहे, आणि टेबलाच्या कुठल्या बाजूला कोणता शब्द बसतो हे आपल्या भाषेनं कधीच ठरवून टाकलं आहे.

आता ‘उर्दू’ या आक्षेपाबद्दल. मूळ शब्द अरबी, ‘हक्क’. अर्थ खरं, रास्त, ज्याचं त्याला देणं. फारसीतून तो आपल्याकडं आला. अरबीतलं जोड ‘क्क’ मराठीनं जसंच्या तसं ठेवलं, हिंदीत ते एकेरी झालं. सूफी परंपरेत ‘हक’ हे ईश्वराचंच एक नाव आहे. आपल्या खुलताबादच्या दर्ग्यांच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ‘नाहक’ त्यातलाच, म्हणजे जे रास्त नाही ते. ‘पोरगं हकनाक गेलं’ म्हणताना आपण ‘हक-नाहक’ हीच जोडी एकत्र गुंडाळून उच्चारतो. ज्या शब्दानं आपण रडतो तो परका कसा? टिळकांनी १९१६ साली स्वराज्य हा आपला ‘जन्मसिद्ध हक्क’ म्हटलं, त्यातला अर्धा शब्द संस्कृत आहे आणि अर्धा अरबी. त्या वाक्यातला ‘हक्क’ खोडून बघा काय उरतं. आणि एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात तर हा आक्षेप मला फारच टोचतो. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षण उर्दूतून होतं, कचेरीची भाषा उर्दू होती, आणि आमच्या आजोबांची पिढी कचेरीत उर्दू लिहून घरी हरिपाठ म्हणत होती. त्यांच्या तोंडचा शब्द त्यांच्या नातीच्या भाषणातून खोडायला हवा होता का?

‘अधिकार’चं घराणं वेगळं. अधि आणि कृ. वर असणं, नेमलं जाणं, पात्र असणं. मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, हा पारिभाषिक शब्द आहे : अमुक यज्ञ करण्याला कोण लायक, याचा विचार म्हणजे अधिकारविचार. वेद कुणी ऐकावा, कुणी म्हणावा, हा शेकडो वर्षं अधिकाराचाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर जन्मावरून ठरत होतं. आपेगावच्या संन्याशाच्या पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं उभं राहावं लागलं ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती सगळी कथा ‘यांना अधिकार आहे का’ याच प्रश्नाभोवती फिरते. म्हणून ‘तुम्हाला काय अधिकार’ हे वाक्य मराठीत इतकं बोचतं. त्यात तुमच्या मुद्द्याला उत्तर नसतं, तुमची लायकी विचारलेली असते.

पण हा शब्द मी वाईट ठरवत नाही. ‘सकळांसी येथे आहे अधिकार’ असं तुकोबांनी म्हटलं तेव्हा त्यांनी तोच बंद दाराचा शब्द घेतला आणि दार सगळ्यांसाठी उघडलं. तिथं ‘हक्क’ घातला असता तर ओळीचं बळ गेलं असतं, कारण ज्यांना आजवर अधिकार नाही म्हणून सांगितलं त्यांनाच तो आहे असं सांगायचं होतं. शब्द कुठं, कुणाला उद्देशून येतो यावर त्याचं काम ठरतं.

‘हक्क’चीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. जुन्या दप्तरांत हक्क म्हणजे माणसाचे हक्क नव्हेत. तिथं देशमुखाचे हक्क, देशपांड्याचे हक्क, लाजिमे, मानपान असतात. वतनाला चिकटलेलं उत्पन्न म्हणजे हक्क. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला ‘महारांचे बावन्न हक्क’. ते बेदरच्या बादशहानं सनद करून दिले अशी आख्यायिका आहे. खळ्यावरचं बलुतं, मेलेल्या जनावराचं कातडं, मढ्यावरचं कापड, असल्या गोष्टींना तिथं हक्क म्हटलं आहे. हे हक्क घ्यायचे तर दिवसरात्र गावकी करायची, सांगावा घेऊन कोसच्या कोस पळायचं, बदल्यात ठरलेलं वेतन मागायचं नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं ते याच गुंत्यावर घाव घालायला. माणसाला बांधून ठेवणाऱ्या दाव्यालाही आपल्या भाषेनं हक्क म्हटलं होतं. त्याच शब्दाला आज संविधानाच्या तिसऱ्या भागात ‘मूलभूत हक्क’ म्हणून जागा आहे. मधल्या काळात त्याचा वतनाशी असलेला सांधा तुटला आणि तो नुसत्या माणूस असण्याशी जोडला गेला. हा प्रवास शब्दकोशातून झालेला नाही. तळ्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर, मोर्च्यात झाला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. त्या मधल्या सोळा वर्षांत या भागातल्या वस्त्यांनी काय सोसलं ते तुमच्या घरातल्या थोरांना विचारा.

घरातलं एक उदाहरण देतो. मराठीत ‘हक्क’ मायेचाही शब्द आहे. हक्काचं घर, हक्काचं माणूस, ‘हक्कानं ये, विचारायचं नाही’. माझी एक आत्या निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन आली, तेव्हा मी शाळेत होतो. घरी येऊन ती माझ्या आईला म्हणाली, “हक सोडला वहिनी, आता माहेर तरी हक्काचं ऱ्हाईल.” एकाच वाक्यात दोन हक्क, आणि एक टिकवायला दुसरा सोडायचा. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखी वारस केलं. तरीही आमच्या तालुक्याला हक्कसोडपत्रं होतच असतात, सही झाली की साडीचोळी होते आणि ‘तिनं राजीखुशीनं दिलं’ असं सांगितलं जातं. धर्म, रूढी आणि कायदा यांवर वाद घालायचा असेल तर मला यापेक्षा नेमकं उदाहरण माहीत नाही. आत्यानं सही केली ती कुणाच्या अधिकारामुळं नव्हे, तर मायेचा हक्क तुटेल या भीतीनं. भावांना कायद्यानं तिच्यावर कसलाही अधिकार नव्हता. तरी तो चालला.

तुमच्या विषयातल्या ‘उदारमतवादी’ या शब्दानंही थोडा घोळ केला आहे. उदार म्हणजे देणाऱ्याचा हात. त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं, अशा समाजात मोठ्या गटानं मन मोठं करून लहान गटाला काही द्यायचं असतं. मनासारखं दिलं की आभार मागायचे, मन फिरलं की परत घ्यायचं. तुमच्या खोडलेल्या वाक्याचा रोख नेमका याविरुद्ध होता.

इथं एक तिसरा शब्द फार उपयोगी पडतो : मुभा. मूळ अरबी ‘मुबाह’. इस्लामी धर्मशास्त्रात जे करण्याची आज्ञा नाही आणि मनाईही नाही, ते मुबाह. वेस्ली होफेल्ड नावाच्या अमेरिकी कायदेपंडितानं १९१३ साली तक्रार केली होती की हक्क या अर्थाच्या इंग्रजी शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि त्यामुळं न्यायाधीशसुद्धा घसरतात. एक, ज्याच्यामुळं दुसऱ्यावर कर्तव्य येतं ते. दोन, नुसती मोकळीक. तीन, दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलण्याची ताकद. चार, त्या ताकदीपासून संरक्षण. आपल्याकडं या चारांसाठी हक्क, मुभा, अधिकार आणि अभय असे चार वेगळे शब्द बोलीत तयार आहेत. त्यातला एक परका म्हणून टाकायचा आणि त्याचंही काम ‘अधिकार’वर लादायचं, हे माझ्या मते आपलंच नुकसान.

निजामाच्या काळात ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं एक फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा असं त्यात होतं. (गश्ती म्हणजे फिरवलेलं पत्रक, परिपत्रक. रात्री पोलिस घालतात ती ‘गस्त’ त्याच मुळाची.) १९३८ मध्ये औरंगाबादच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, त्याच साली सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळी राज्यकर्त्यांच्या भाषेत प्रश्न परवानगीचा होता, म्हणजे त्यांच्या अधिकाराचा. सत्याग्रहींच्या भाषेत तो हक्काचा होता. दोघं वेगवेगळे शब्द वापरत होते म्हणूनच भांडण कशावर आहे ते स्पष्ट होतं.

आता तुमच्या प्रतिस्पर्ध्याला काय सांगता आलं असतं? ‘अधिकार’चे दोन अर्थ वेगळे करून सांगायचं. “जाणकारीचा अधिकार म्हणत असाल तर तो अभ्यासानं येतो, माझा अभ्यास कमी पडत असेल तर कुठं ते दाखवा. बोलण्याची परवानगी म्हणत असाल, तर ती तुमच्याकडून घ्यायची नसते, बोलणं हा माझा हक्क आहे आणि मला उत्तर देणं हा तुमचा.” आपल्याकडं याला मोठा आधार आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्माची कठोर थट्टा करतात, ग्रंथातल्या गोष्टी काढून टोचतात, अगदी वर्मावर बोट ठेवतात. पण ‘तू परका, तुला बोलायचा अधिकार नाही’ म्हणून संवाद तोडत नाहीत. शेवटी दोघांचा समेट होतो. चारशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या काठावर असा वाद कल्पिता आला, तर आज परभणीच्या स्पर्धेत का नाही?

सरकारी मराठी मात्र तुम्हाला गोंधळात पाडील. २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार’, २००९ चा ‘शिक्षणाचा हक्क’, २०१५ चा राज्याचा ‘लोकसेवा हक्क’. जंगलाच्या बाबतीत ‘वनहक्क’, सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’, विधिमंडळात ‘हक्कभंग’. दिल्लीला ‘मानवाधिकार आयोग’, मुंबईला ‘मानवी हक्क आयोग’. ‘माहितीचा हक्क’ म्हणायला हवं होतं असं मला अजून वाटतं. अर्ज करणारा माणूस टेबलाच्या अलीकडचा आहे. हिंदीत संविधानाच्या तिसऱ्या भागाचं शीर्षक ‘मूल अधिकार’ आहे खरं, पण धर्मस्वातंत्र्याच्या २५व्या अनुच्छेदात हिंदी मजकूरही ‘समान हक होगा’ असंच म्हणतो. भाषण तपासणाऱ्यांना हे नक्की दाखवा. त्याच अनुच्छेदात आणखी एक गोष्ट आहे : तो हक्क फक्त नागरिकांना दिलेला नाही, सर्व व्यक्तींना दिलेला आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवलेला आहे. ही बंधनं घालण्याचा सरकारला आहे तो अधिकार. या एका अनुच्छेदात दोन्ही शब्दांना आपापलं काम आहे, आणि धर्म-राजकारणावरचे आपले बहुतेक वाद या दोहोंच्या मधल्या रेषेवर होतात.

तुमचं वाक्य मी असं ठेवीन : “धर्म पाळण्याचा, बदलण्याचा आणि न पाळण्याचाही प्रत्येकाला हक्क आहे, कुणी कसा पाळावा हे ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही, आणि सरकारला तो संविधानानं आखून दिला आहे तेवढाच आहे.” ‘बदलण्याचा’ हा शब्द मी घातला आहे. त्यावर स्पर्धेत नक्की प्रश्न येईल, तयारी करून जा.