पोर्क स्टेक घरी कसे करावेत? माझे तव्यावर नेहमी चिवट होतात

आधी तुकडा कुठला आहे ते बघा. पोर्क स्टेक म्हणून मिळतो तो बहुधा खांद्याचा असतो: मध्ये हाड, चरबीच्या रेषा आणि भरपूर चिवट धागे. तो चॉपसारखा (चॉप म्हणजे पाठीचा मऊ तुकडा) झटपट भाजला की चघळत बसावं लागतं. दोष तुमच्या हाताचा नाही.

मी बहुतेकदा असं करतो. मीठ चोळून तासभर फ्रिजमध्ये न झाकता ठेवायचे, मग अगदी कोरडे पुसायचे. ओलं मांस भाजलं न जाता वाफवलं जातं. जाड बुडाच्या कढईत स्टेक चिमट्यात उभा धरून आधी चरबीची कड टेकवा. सुटलेल्या चरबीतच दोन्ही बाजू तांबूस करा. मग कांदा, लसूण, अर्धी वाटी पाणी, झाकण, मंद आच. सव्वा-दीड तासाने काटा सहज आत गेला की झालं. घाई असेल तर कुकर, पण चव थोडी उणीच.

ओव्हन असेल तर फॉइलखाली 150 अंशांवर साधारण दोन तास, शेवटी उघडून वर सॉस.

तव्यावरच हवे असतील तर अर्धा इंच जाडीचे घ्या, मोठी आच, दर बाजूला तीन-चार मिनिटं. कडेच्या चरबीला दोन-तीन काप द्या, नाहीतर स्टेक वाटीसारखा वळतो. आतलं तापमान 63 अंश सेल्सियस झालं की उतरवा आणि तीन मिनिटं हात लावू नका.

ग्रिलवर चरबी ठिबकून भडका उडतो, म्हणून एक बाजू निखाऱ्यांविना ठेवा.