ऑफर राहू दे, आधी ते पैसे कुणाच्या खात्यातून आले ते बघ

भावा, वयानं लहान असशील असं धरून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. तुझी पोस्ट वाचून रात्री झोप उडाली, कारण नावगाव बदललं तर ती माझीच आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात: हा पोरगा तासगावकडचा. टेलिग्रामवरच्या चॅनलचा कोड एका सट्ट्याच्या साइटवर टाकून व्हर्च्युअल, म्हणजे संगणकावरच चालणाऱ्या, फुटबॉल आणि कुत्र्यांच्या शर्यतीवर पैसे लावले, ३,२०० रुपये विड्रॉल आला, आणि दोन दिवसांत पगाराच्या खात्यावर होल्ड. बँक म्हणते सायबर पोलिसांकडं जा. साइटवाले म्हणतात २,००० भर, २०० टक्के बोनस देतो. आणि याचा प्रश्न काय, तर तो बोनस घेऊन गाडीचा हप्ता निघेल का, आणि याहून चांगल्या ऑफर कुठं मिळतील.

व्हर्च्युअल म्हणजे काय, कोड कुठं टाकायचा वगैरे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, ते सोडतो. ऑफरचं आधी उरकतो, मग बँकेवर येतो. खरं दुखणं बँकेचं आहे.

तू अटींचा जो स्क्रीनशॉट टाकलास तो स्वतः वाचलास का? पैसे काढायच्या आधी भरणा आणि बोनस मिळून त्याच्या २० पट रकमेच्या पैजा लावायच्या, त्याही ७ दिवसांत, एका पैजेवर २०० रुपयांची मर्यादा, आणि खाली बारीक अक्षरात व्हर्च्युअलची पैज निम्मीच धरणार. आता कागद घे. २,००० तुझे, ४,००० त्यांचे, झाले ६,०००. त्याचे २० पट १,२०,०००. व्हर्च्युअल निम्मं धरतात म्हणून प्रत्यक्षात २,४०,००० ची उलाढाल करायची. २०० च्या पैजेनं त्या १,२०० पैजा होतात, म्हणजे रोज १७१. तीन मिनिटाला एक धरली तरी दिवसाला साडेआठ तास. कुपवाडच्या एमआयडीसीत एवढ्या वेळाची शिफ्ट केलीस तर निदान पगार तरी होतो.

आणि त्या उलाढालीत जातं किती ते बघ. दोन्ही बाजूंना १.८५ चा भाव (शंभर लावून जिंकलास तर १८५ परत) असला तर दर शंभरामागे सरासरी साडेसात रुपये त्यांचे. २,४०,००० वर १८,०००. कुत्र्यांची शर्यत तर विचारूच नकोस. सहा कुत्री, सगळ्यांना सारखी संधी आणि प्रत्येकाला ५ चा भाव धरला, तर शंभरातले जवळजवळ सतरा गेले. तिथं ४०,००० होतात. बोनस किती, तर ४,०००. अर्थात एवढं हरायला तुझ्याकडं पैसे असणारच नाहीत, ते ६,००० दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच संपतात. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम उचल देतो ना, तसा हा बोनस आहे. हातात पडल्यासारखा वाटतो, पण फेडेपर्यंत तुला फडातून बाहेर पडता येत नाही.

'अभ्यास करून लावतो' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. खऱ्या सामन्यात निदान खेळपट्टी असते, कुणाचा गुडघा दुखत असतो. इथं निकाल यादृच्छिक अंक काढणारा प्रोग्राम ठरवतो. मागच्या दहा शर्यतींत चार नंबरचं कुत्रं हरलं म्हणून अकराव्यात त्याचा नंबर लागत नाही. टेलिग्रामवर 'फिक्स कुत्रं' विकणाऱ्यांना तर चौकात उभं करून विचारायला पाहिजे की बाबा, तुला कळतं तर तूच का लावत नाहीस.

हा खेळ सगळीकडंच चोरीचा आहे असं मात्र नाही, ते खोटं मी सांगणार नाही. ब्रिटनमध्ये परवाना घेऊन चालतो. २०२० ला लॉकडाऊनमध्ये तिथली ग्रँड नॅशनल ही मोठी घोड्यांची शर्यत रद्द झाली, तर संगणकावरची शर्यत टीव्हीवर दाखवली, एकाला १० पौंडांपर्यंतच लावू दिलं आणि त्यावरचा नफा त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेच्या मदतीला दिला. बोनसवर किती पट उलाढाल मागता येईल, यावरही तिथल्या नियामकानं १० पटींची मर्यादा घातली. म्हणजे तिथं परवानावाल्यांना बोनसच्या १० पटींच्या वर जाता येत नाही, आणि तुझ्या साइटवर वरच्या हिशेबानं ४,००० च्या बोनसवर २,४०,०००, म्हणजे ६० पट पडतात.

आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण म्हणून मोकळा झालास असं समजू नकोस. 'माझ्या कोडनं जॉइन व्हा, दोघांनाही ५०० मिळतील' ही लिंक तू गावातल्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकली असशील, तर ती जाहिरात ठरू शकते. आजच काढून टाक. मी वकील नाही, कुणी म्हणेल एवढं काही होत नाही. माझ्या मते तरी काढ. त्यामुळं 'चांगल्या ऑफर कुठं' याचं उत्तर मी देणार नाही, आणि खाली कुणी दिलं तर त्याचा त्यात काय फायदा ते आधी विचार.

आता बँक.

तुझे ३,२०० कंपनीच्या नावानं आले नसणार. स्टेटमेंट काढून बघ, कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाहीतर कुणा भलत्याच माणसाचं नाव असेल. असल्या साइटचे पैसे भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून फिरतात. त्याच खात्यात कुठल्या तरी राज्यातल्या फसलेल्या माणसाचे पैसेही आलेले असतात. तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करतो, तक्रार पोर्टलवर चढते, आणि पैसे ज्या ज्या खात्यात गेले त्या सगळ्यांवर होल्ड पडत जातो. त्या साखळीत तुझं खातं आलं. तू जिंकलास म्हणून आनंदात होतास, आणि ते कुणाच्या तरी आईच्या औषधाचे पैसे निघाले. हे कळल्यावर मला जे वाटलं ते इथं लिहीत बसत नाही.

माझं प्रकरण नव्या कायद्याच्या आधीचं. विड्रॉलची रक्कम ४,५००. पगाराचं खातं सांगलीतल्या एका शाखेत, नाव घेत नाही. पगार जमा झाला पण निघेना. शाखेत गेलो तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "वरून आलंय." वरून म्हणजे कुठून? "सिस्टीममध्ये दिसतंय, आम्हाला काढता येत नाही. सायबरला जा." सायबरला गेलो. तिथले हवालदार नीट बोलले, पण म्हणाले, "आमच्याकडं तुमच्या नावानं काहीच नाही. तक्रार कुठल्या राज्यातली आहे ते बँकेकडून आणा." परत शाखेत. "आम्हाला तेवढंच येतं, तपशील येत नाही." परत तिकडं. विश्रामबागच्या त्या रस्त्यावरचे खड्डे मला पाठ झाले. पासबुकाचं मशीन बंद, मॅनेजर मीटिंगमध्ये, आणि एकदा तर शिपायानंच सल्ला दिला की खातं बंद करून टाका. होल्डवरचं खातं बंद कसं करणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मध्ये घराचा हप्ता बाउन्स झाला. त्याचा दंड इकडच्या बँकेनं घेतला आणि कर्जवाल्यांनीही घेतला. सिबिल घसरला तो वेगळाच. बायकोनं सोनं ठेवून पुढचा हप्ता भरला. त्या खेळात हरलो त्यापेक्षा यात जास्त गेले, अगदी सहज.

सुटलं कसं? काही कामासाठी त्याच बँकेच्या मिरजेतल्या शाखेत गेलो होतो, तिथल्या एका मॅडमना सहज विचारलं. त्यांनी स्क्रीन उघडली आणि दोन मिनिटांत चिठ्ठीवर लिहून दिलं: तक्रारीचा पोचक्रमांक, राज्य, पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आणि वादातली रक्कम. हे सगळं बँकेकडं पहिल्या दिवसापासून होतं. आणि त्याहून संतापाची गोष्ट ही की मागणी फक्त ४,५०० वर लिएन लावायची, म्हणजे तेवढीच रक्कम अडकवायची होती, आमच्या शाखेनं अख्ख्या खात्याला डेबिट फ्रीझ मारला होता, म्हणजे खात्यातून काहीच काढता येईना. माझा पगार कुणी मागितलाच नव्हता! आजही त्या शाखेसमोरून जाताना माझा रक्तदाब वाढतो, तेव्हा हा परिच्छेद लांबला असेल तर चालवून घ्या.

म्हणून तू सायबरला पळायच्या आधी शाखेला लेखी अर्ज दे. तोंडी विचारलेलं हवेत जातं. अर्जात चारच गोष्टी माग: पोचक्रमांक, कुठल्या पोलीस ठाण्याची मागणी, किती रकमेवर, आणि खातं पूर्ण गोठवलंय की तेवढीच रक्कम. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय उठू नकोस. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज ईमेलनं बँकेच्या तक्रार विभागाला आणि नोडल अधिकाऱ्याला (तक्रारींसाठी बँकेनं नेमलेला वरचा अधिकारी) पाठव. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. माझं प्रकरण नोडल अधिकाऱ्याच्या ईमेलवरच हललं. अर्जात हेही टाक की केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये असल्या प्रकरणात गोठवणं पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच ठेवायला बँकांना सांगितलं होतं. निकाल आपल्या राज्याचा नाही, बँक ऐकेलच असं नाही, पण शाखेतला माणूस जरा नीट बसतो एवढं खरं.

तपास अधिकाऱ्याला लिहिताना खरं तेच लिही. 'मित्रानं उसने दिले होते' असली गोष्ट रचू नकोस, नंतर त्या मित्राचं नाव विचारतात. साइटच्या विड्रॉलचा स्क्रीनशॉट, स्टेटमेंट आणि वादातली रक्कम बाजूला ठेवायला हरकत नाही असं पत्र, एवढं पुरतं. शब्द कसे घालायचे ते मात्र एखाद्या वकिलाला दाखवून घे, मी माझ्या अनुभवावरून बोलतोय, प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं. ॲप काढून टाकायची घाई करू नकोस, आधी आतला सगळा हिशेब फोटो काढून ठेव. मग काढ, आणि एपीके (प्ले स्टोअरबाहेरून घेतलेली ॲपची फाइल) टाकताना मेसेज वाचायची परवानगी दिली असशील तर नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदल.

हप्त्याचं म्हणशील तर गाडीच्या फायनान्सवाल्यांना आजच फोन कर, होल्डचं पत्र दाखव, तारीख पुढं मिळते का बघ. कंपनीच्या एचआरला सांगून पुढचा पगार दुसऱ्या बँकेतल्या स्वतःच्या खात्यावर घे. लाज वाटेल, वाटू दे. मी ते उशिरा केलं.

अजून दोन सूचना, मग थांबतो. तुझी पोस्ट वाचून टेलिग्रामवर कुणीतरी 'खातं अनफ्रीझ करून देतो, ५,००० पाठवा' म्हणत येईलच. ते त्याच धंद्यातले. दुसरं, कुणी 'तुझं खातं महिन्याला भाड्यानं दे' म्हणालं, तर पुढच्या माणसाचे ३,२०० तुझ्या नावानं जातील आणि पोलीस तुझ्या दारात येतील. आणि कराचं कुणी सांगत नाही म्हणून: ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर एप्रिल २०२३ पासून सरसकट ३० टक्के कर आहे. साइटनं कापला नाही म्हणून तो माफ होत नाही.

बँकेकडून आलेला मेसेज खाते क्रमांक झाकून इथं टाक. त्यात 'लिएन' लिहिलंय की 'डेबिट फ्रीझ' ते बघून सांगतो, अर्जाचा मसुदा त्यावर ठरेल. आणि ते २,००० भरू नकोस.