‘स्थलांतर’ की ‘उठवणं’?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून बाहेर काढल्या गेलेल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांच्या कुटुंबांवर मुलांसाठी ऐतिहासिक गोष्ट लिहिते आहे. इंग्रजीत सगळीकडे ‘रिमूव्हल’ आहे. मराठीत ‘स्थलांतर’ चालेल का?’

निवेदनात तरी नको. स्थलांतर फ्लेमिंगो करतात, ऊसतोड कामगार करतात, बँकेची शाखासुद्धा करते. मर्जी असो वा नाइलाज, जाणाराच तिथे कर्ता असतो. इथला कर्ता वॉशिंग्टनमध्ये बसला होता. २८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने मूळनिवासींना हलवण्याच्या कायद्यावर सही केली. त्याच सप्टेंबरात डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहाने चॉक्टॉंची सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन गेली आणि १८३१ ते १८३३ मध्ये हजारो माणसं मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात, धाडली गेली.

कुणी म्हणेल, तहाच्या १४व्या कलमात मागे राहणाऱ्या कुटुंबप्रमुखाला ६४० एकर मिळणार होते, म्हणजे गेले ते राजीखुशीनेच. पण नावं नोंदवून घेणाऱ्या सरकारी एजंटाने बहुतेकांची नावं घेतलीच नाहीत!

‘विस्थापन’ अर्थाने अचूक आहे, पण त्याला अहवालाचा वास येतो. ‘हद्दपार’ आणि ‘तडीपार’ म्हटलं की आधी गुन्हा आठवतो. ‘परागंदा’ हा मूळचा फारसी शब्द. तिथे अर्थ ‘विखुरलेला’, मराठीत मात्र परागंदा होणारा स्वतःच पळ काढतो. ‘निर्वासित’ म्हटलं की आपल्याला फाळणी दिसते. ‘देशोधडीला लावलं’ जोरकस आहे. ते आजीच्या तोंडी, एकदाच.

माझी पसंती ‘उठवणं’ला. गाव बसतं आणि गाव उठतं, ही जोडी आपल्याकडे आहेच. धरणाखाली गेलेल्या गावांचे लोक ‘आमचं गाव उठवलं’ असंच सांगतात. दहा वर्षांच्या मुलाला हे कळतं, आणि ‘कुणी उठवलं?’ असं तो आपसूक विचारतो. झोपेतून उठवण्याशी घोटाळा होईल तिथे ‘गावच उठवलं’ म्हणा. ‘स्थलांतर’ही टाकून देऊ नका. ते सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडी ठेवा. ‘रिमूव्हल’ हा शब्द मुळात असाच गुळगुळीत आहे, कपाट हलवल्यासारखा.

जाता जाता: चॉक्टॉ स्वतःला ‘चाहता’ म्हणवतात. तसंच लिहिलं तर मराठी वाचक विचारेल, कुणाचा? त्यामुळे निवेदनात ‘चॉक्टॉ’ बरं, संवादात ‘चाह्ता’. आणि ‘टोळी’ नको. टोळी दरोडेखोरांची असते, या लोकांची घरं होती, शेतं होती.

१८३१ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात फ्रेंच प्रवासी तोकव्हिलने मेम्फिसजवळ चॉक्टॉंना मिसिसिपी ओलांडताना पाहिलं. माणसांच्या तोंडून हुंदकाही निघाला नाही, असं तो लिहितो. धनी आपल्याला काठावर सोडून चाललेत हे कळताच त्यांच्या कुत्र्यांनी मात्र एकदम आकांत केला आणि बर्फगार पाण्यात उड्या टाकल्या. हा प्रसंग गोष्टीत घेणार असाल, तर कुत्री ‘भुंकली’ किंवा ‘ओरडली’ लिहू नका. ‘रडली’ लिहा. कुत्रं रडतं तेव्हा कसं वाटतं, हे मराठी मुलांना सांगावं लागत नाही.