डोक्यावर घड्याळ, तोंडात लगाम असं जुनं युरोपीय छापचित्र पाहिलं. ही शिक्षा झालेली बाई आहे का?

नाही, शिक्षा नाही. पण तुमची शंका अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. भांडखोर ठरवलेल्या बायकांच्या तोंडावर लोखंडी सापळा चढवून त्यांना गावभर फिरवायची शिक्षा स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये खरोखर होती. इथे फरक एवढाच, की लगामाची दोरी कुठे जाते ते बघा. ती बाईच्या स्वतःच्याच हातात आहे.

ही 'टेम्परान्शिया', म्हणजे संयम. नेदरलँड्सकडचा चित्रकार पीटर ब्रूगेल (थोरला) याने १५५९-६० मध्ये सात सद्गुणांची चित्रमालिका काढली, त्यातलं हे चित्र १५६० चं. अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉकने ही मालिका छापून विकली. ताम्रपटावरचं कोरीवकाम फिलिप्स गालेचं मानतात. ब्रूगेलने स्वतःच्या हाताने पत्र्यावर केलेलं चित्र एकच, 'सशांची शिकार'. बाकी छापचित्रांसाठी तो फक्त रेखाटन करून द्यायचा.

आपण 'जिभेला लगाम घाल' असं उठता-बसता म्हणतो. ब्रूगेलने तेच शब्दशः काढलंय. अंगावरचं बाकीचं सामानही असंच वाचायचं. डोक्यावर घड्याळ म्हणजे सगळं वेळेत आणि मापात. दुसऱ्या हातात चष्मा, म्हणजे नीट बघून वागणं. कमरेला पट्ट्याऐवजी गाठ मारलेला साप, म्हणजे आवरलेली वासना. टाचांना घोडेस्वाराचे काटे आहेत आणि पाय पवनचक्कीच्या पात्यावर. हे पातं मला सगळ्यात आवडतं. वारा कितीही मोकाट असला तरी चक्की त्याच्याकडून दळणच करून घेते. ही सगळी सामग्री ब्रूगेलच्या डोक्यातून आलेली नाही बरं का, पंधराव्या शतकातल्या फ्रेंच हस्तलिखितांत ती आधीच दिसते. त्याहून जुनी पद्धत साधी होती: बाई एका भांड्यातून दुसऱ्यात ओतते, दारूत पाणी मिसळते. झाला संयम!

तिच्याभोवतीची गर्दी म्हणजे त्या काळचे सात विद्याविषय. पोरं वाचायला शिकतायत, व्यापारी पैसे मोजतायत, ऑर्गनच्या सुरात गाणं चाललंय, नाटकाचा मंच आहे, धर्मग्रंथावरून वाद पेटलाय, कोणी खांबाचं माप घेतंय, तर एक गृहस्थ चक्क पृथ्वीच्या गोलावर चढून आकाश मोजतोय. हिशेबवाल्यांजवळ एक चित्रकार पाठमोरा बसलाय. मधोमध एवढी घड्याळवाली बाई उभी आहे, पण माझ्या नजरेला तरी तिच्याकडे बघणारा एकही सापडला नाही.

खालची लॅटिन ओळ वाचली की 'संयम' या शब्दाचा अर्थ जरा सरकतो. तिचा आशय असा: चैनीत बुडून उधळे दिसू नये, आणि कवडीचुंबकपणाने गलिच्छ, अंधारं आयुष्यही जगू नये. म्हणजे उपासतापास नव्हे. पैसे मोजणारे चित्रात उगाच नाहीत.

आता थोडं कामाबद्दल. कला महाविद्यालयात मी तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन (रेघा कोरायचं टोकदार पोलादी हत्यार) चालवायला शिकलो. हात फिरवायचा नसतो, पत्रा फिरवायचा असतो. दाब वाढला की रेघ जाड, कमी झाला की केसासारखी. पहिल्याच दिवशी माझं हत्यार सटकून पत्राभर ओरखडा गेला होता. म्हणून एखाद्या संग्रहालयाच्या साइटवर हे चित्र मोठं करून तिच्या झग्याच्या चुण्या जरूर बघा. सावली सगळी रेघांचीच आहे, काळा रंग कुठेही भरलेला नाही.

मूळ रेखाटन रॉटरडॅमच्या बॉयमन्स फान ब्यूनिंगन संग्रहालयाकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवलीत तर डावं-उजवं उलटं दिसेल. पत्र्यावरून कागदावर येताना चित्र आरशासारखं फिरतं. ते माहीत असल्यामुळे ब्रूगेल छपाईसाठीच्या रेखाटनात माणसांना मुद्दाम डावखुरं काढायचा.