केमोनंतर आईला शब्द सुचत नाहीत, पण स्मृतीची चाचणी नॉर्मल आली. मग हा ‘केमो ब्रेन’ असू शकतो का?

हो, असू शकतो. कॅन्सरवरच्या केमोथेरपीनंतर स्मरणशक्ती, लक्ष आणि विचार करणं थोडं मंदावतं, त्याला ‘केमो ब्रेन’ म्हणतात. ओळखीचा शब्द ऐनवेळी न सुचणं, बोलता बोलता धागा सुटणं, एका वेळी दोन कामं न जमणं ही त्याची नेहमीची लक्षणं. एमएमएसईसारख्या (स्मृती आणि आकलन तपासणारी छोटी प्रश्नावली) ३० गुणांच्या चाचण्या मुळात डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मृतिभ्रंशासाठी बनवलेल्या, त्यांत इतका बारीक फरक निसटतो. त्यामुळे ‘नॉर्मल’ म्हणजे आईची तक्रार खोटी, असं मुळीच नाही. पूर्वी सहज जमणारं नेमकं काय आता अडतं ते तारखेसह लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीबद्दल (स्मृती, लक्ष, भाषा यांची बारकाईने चाचणी) विचारा. रक्तक्षय, थायरॉइड, झोप, नैराश्य हेही बघून घ्या. त्यांवर उपचार आहेत. मात्र गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर केमो ब्रेन समजून थांबू नका. संसर्ग, सोडियम-कॅल्शियमची गडबड किंवा वेदनाशामकं कारण असू शकतात; लगेच रुग्णालय गाठा.