थायलंडच्या निवृत्ती व्हिसाच्या अर्जावर नाव जुळत नाही म्हणून दुरुस्ती मागितली आहे. काय उत्तर द्यावं?

तुम्ही लिहिलंय की आईवडिलांचा अर्ज ऑनलाइन भरला आणि आता शेरा आलाय: आईच्या बँकेच्या पत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही, वैद्यकीय दाखला हवा तसा नाही, दुरुस्त कागद अपलोड करा. एजंट गाठावा का, असंही विचारलंय. घरात सगळे म्हणतायत, आईचं बँकेतलं नाव बदलून टाकू. नका बदलू. बाकीचं सावकाश वाचा, पण बँकेत तो फॉर्म भरायला कुणी निघालं असेल तर आधी त्याला फोन करा.

आता मी हे एवढ्या ठामपणे का सांगतेय ते ऐका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मुलगी बँकॉकला नोकरीला, नातू तिथंच शाळेत. म्हणून आम्हा दोघांचं वर्षातले काही महिने तिकडे राहायचं ठरलं. अर्ज माझ्या नावावर, कारण ठेवी माझ्या नावावर. हे वाक्य आमच्याकडे काही लोकांना अजून पचलेलं नाही.

माझी नावं दोन. पूर्ण लिहीत नाही, अक्षरं पुरेत. माहेरचं 'व', सासरचं 'स'. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं 'स' लिहिलं गेलं, कारण घरात नणंदेचं नाव आधीच 'व' होतं आणि एका घरात दोन हाका नकोत असं सासऱ्यांचं म्हणणं पडलं. ठीक. घरात मी 'स' झाले, रेशनकार्डावर 'स' झाले. पण नोकरीला मी लग्नाआधीच लागलेली. सेवापुस्तकात फक्त आडनाव बदललं, नाव 'व'च ठेवलं. मोठे दीर, म्हणजे भाऊजी, तेव्हा सेवापुस्तकातलं नाव बदलण्याचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून घेऊन आले होते. "नुसती सही कर, बाकी मी बघतो." मी केली नाही. शाळेच्या मस्टरवर मी रोज 'व' अशी सही करते आणि पगार 'व'ला मिळतो, असं म्हणाले. त्यावरून जे रामायण झालं ते दिवाळीला एकत्र बसलो की अजून निघतं.

पुढे पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा मी दहावीच्या पेपर तपासणीत अडकलेली. फॉर्म भाऊजींनी आणि ह्यांनी भरला, रेशनकार्ड बघून. पासपोर्टवर 'स' आलं. पॅन, आधार, बँक, पेन्शनचा आदेश, सगळीकडे 'व'. आणि गंमत बघा, आमचे हे प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. बाहेरच्यांसाठी सांगते, इंडिया सिक्युरिटी प्रेस. देशाच्या पासपोर्टची पुस्तकं तिथंच छापली जातात. कोरी पुस्तकं, नाव नंतर पासपोर्ट ऑफिसात टाकतात, म्हणून प्रेसला दोष नको. पण ज्या घरातून पासपोर्ट छापायला माणूस डबा घेऊन जायचा त्याच घराचा अर्ज पासपोर्टवरच्या नावापायी अडकला.

पोलीस क्लिअरन्ससाठी हवालदार आले तेव्हा मी भाजी आणायला गेलेली. त्यांनी शेजारी विचारलं, 'स' अमुक इथं राहतात का? शेजारीण म्हणाली, या बिल्डिंगमध्ये अशी कुणी नाही. बरोबरच आहे, ती मला बाई म्हणून ओळखते किंवा 'व' ताई म्हणून. हे खाली उभे होते म्हणून निभावलं, नाहीतर ते तिथूनच परत गेले असते.

मग तुमच्यासारखाच शेरा आला आणि घरात बैठक बसली. भाऊजींचा प्रस्ताव: राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, नाव बदल छापून घे, जुनं नाव 'व', नवं नाव 'स', आणि सगळीकडे तेच कर. "सासरचं नाव तेच खरं, तेव्हाच ऐकलं असतंस तर." ह्यांचा प्रस्ताव: दिंडोरीच्या द्राक्षबागेचा सातबारा जोडू, म्हणजे आपण खात्यापित्या घरचे आहोत हे त्यांना कळेल. भाच्याचा प्रस्ताव: एजंट.

राजपत्राचं आधी घेते, कारण खरा वाद तोच. ज्याला नाव कायमचं बदलायचंय त्याच्यासाठी राजपत्र उत्तम. पण ते एकाच दिशेनं चालतं: आजपासून जुनं संपलं, नवं सुरू. तसं छापून घेतलं की पेन्शनचा आदेश, पॅन, आधार, बँक, विमा, सगळं एकेक करून नव्या नावावर न्यायचं. अर्धं झालं आणि अर्धं राहिलं की आज एका ठिकाणी जुळत नाही ते उद्या पाच ठिकाणी जुळणार नाही. बँकेतलं नाव 'स' केलं की पेन्शनचा आदेश 'व'ला आणि खातं 'स'चं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला कुणाचा द्यायचा? समोरच्या अधिकाऱ्याला तुम्ही नाव बदलावं अशी हौस नसते. पासपोर्टवरची बाई आणि ठेवीची मालकीण एकच आहे एवढं त्याला कागदावर दिसायला हवं असतं. म्हणून बदलायचं नाही, जोडून दाखवायचं.

मी काय जोडलं ते सांगते. पहिलं, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. आमच्या लग्नाची नोंदणीच नव्हती, त्या काळी कोण करत होतं. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याखाली जुन्या लग्नाचीही नोंद उशिरा करून मिळते. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. आमचे भटजी कधीच वारले, त्यामुळे त्याचं वेगळं ॲफिडेव्हिट. पत्रिकेवर वधूचं नाव 'व' छापलेलं, ती नणंदेनं जपून ठेवली होती म्हणून मिळाली. दुसरं, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र. नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या बाहेर करून मिळतं. शंभराचा बाँड आता बंद झाला, पाचशेचा घ्यावा लागतो. त्यात दोन्ही नावं पासपोर्टवर आणि बँकेत जशी आहेत तशी, स्पेलिंगसकट, आणि पासपोर्ट नंबर. टायपिस्टला घाई असते, समोर उभं राहून वाचा. तिसरं, बँकेचं पत्र पुन्हा.

बँकेचं पत्र हीच खरी किल्ली आणि तिथंच सगळ्यात जास्त डोकं फुटलं. खात्यावरचं नाव 'व'च राहू द्या, पण पत्रात खातेदाराचा पासपोर्ट नंबर लिहा, एवढीच माझी मागणी. शाखेतले साहेब म्हणाले, आमच्या नमुन्यात ती ओळ नाही. मी म्हटलं, केवायसीला मी पासपोर्टची प्रत आणि हे प्रतिज्ञापत्र देते, त्याची नोंद घ्या, मग तुमच्याच नोंदीतला नंबर पत्रात लिहायला काय हरकत? ते म्हणाले, वरून विचारावं लागेल. मी समोरच्या बाकावर बसून राहिले. चौथी-ड च्या वर्गाला शांत बसवणाऱ्या बाईला शाखा व्यवस्थापक किती वेळ टाळणार? पत्र मिळालं, नंबरासह, मूळ प्रत, सही-शिक्क्यानिशी.

सातबारा मी जोडू दिला नाही. त्यावरून हे थोडे रुसले. पण दुरुस्ती मागितली असेल तर मागितलं तेवढंच द्यायचं. जास्तीचा प्रत्येक कागद म्हणजे आणखी एक नाव, आणखी एक तारीख, आणखी एक प्रश्न. सातबाऱ्यावर माझं नाव 'स'च्या पुढे सासऱ्यांच्या नावानं लागलेलं आहे. तो गेला असता तर तिसरी बाई तयार झाली असती! वर एक पानाचं पत्र लिहा: तुम्ही हे मागितलंत, सोबत हे जोडलंय. इंग्रजीत, चार ओळींत. लग्नाची कथा त्यांना सांगू नका. ती तुम्ही इथं वाचताय तेवढी पुरे. कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत हवं.

वैद्यकीय दाखल्याचं सोपं आहे. तुमच्या डॉक्टरांनी बहुतेक 'प्रवासास योग्य' असं लिहून दिलं असणार. ते चालत नाही. त्यांना ठरावीक आजार नाहीत असं नाव घेऊन लिहिलेलं लागतं: कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस. आमचे डॉक्टर माझे माजी विद्यार्थी. शेवटचं वाचून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाई, हे मी तुमच्याबद्दल कसं लिहू?" मी म्हटलं, नाही असंच लिहायचंय, लिही. खाली नोंदणी क्रमांक आणि शिक्का विसरू नका. आणि हा दाखला व पोलीस क्लिअरन्स दोन्ही तीन महिन्यांच्या आतले लागतात. नावाच्या भांडणात तुम्ही दिवस घालवलेत तर इकडे ते शिळे होतात. त्यामुळे आधी नाव मिटवा, मग दाखल्यासाठी डॉक्टरकडे जा.

पैशांची अट तुम्हाला माहीतच असेल: 8 लाख बाथ ठेव, किंवा महिना 65,000 बाथ उत्पन्न, किंवा वर्षाचं उत्पन्न आणि ठेव मिळून 8 लाख. रुपयांत वीस लाखांच्या वरच. शिक्षकाच्या पेन्शनीत महिन्याची अट बसत नाही, मी तिसरा मार्ग घेतला. तो घेतला तर पेन्शनचा कागद आणि बँकेचं पत्र दोन्ही जातात, आणि दोन्हींवर एकच नाव असावं लागतं. भाऊजींचं ऐकलं असतं तर नेमकं तिथंच फाटलं असतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, इथं लिहून ठेवते इतकंच.

एजंटबद्दल विचारलंत. माझं मत वाईट आहे. 1 जानेवारी 2025 पासून भारतातून थायलंडचा व्हिसा ऑनलाइनच आहे, महाराष्ट्रातला अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो. भाच्यानं शोधलेल्या माणसानं पहिल्याच फोनवर सांगितलं, नवा पासपोर्ट 'व' नावानं काढा, मग नव्यानं अर्ज करू. म्हणजे पैसे दोनदा. तुमच्या आईच्या बँकेत जाऊन बसायला एजंट येत नाही, आणि खरं काम तिथंच आहे.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आईच्या नावात नुसती स्पेलिंगची चूक असेल, म्हणजे बँकेत एखादं 'ए' कमी-जास्त किंवा फक्त आद्याक्षरं, तर बँकेत दुरुस्त करून घ्या, माझं सगळं भाषण तिथं लागू नाही. माझा विरोध नावच बदलण्याला आहे. तुम्हीच ऑनलाइन फॉर्ममध्ये चुकीचं नाव भरलं असेल तर प्रतिज्ञापत्रानं काही होणार नाही, तसं स्पष्ट लिहून विचारा. आणि प्रतिज्ञापत्र माझ्या अधिकाऱ्याला पुरलं, तुमच्याला पुरेलच असं नाही. त्याने राजपत्रच मागितलं तर द्यावं लागेल, मग भाऊजींना माझा नमस्कार सांगा.

विम्याचंही बघून ठेवा. 2019 पासून या व्हिसाला आरोग्य विमा सक्तीचा आहे, रक्कम आता एक लाख डॉलरपर्यंत नेलीय. पॉलिसीवर नाव पासपोर्टवरचंच घाला. ती नवीन निघते, जुन्या कुठल्या कागदाशी तिचं नातं नाही, मुद्दाम तिसरी अडचण कशाला.

आणि अर्ज नक्की कुणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. वडिलांच्या नावावर असेल आणि आई जोडीदार म्हणून जात असतील, तर आईचं बँकेचं पत्र मुळात गेलंच कशाला? तेव्हा वडिलांचे आर्थिक कागद आणि लग्नाचं प्रमाणपत्र एवढ्यावर भागतं. ते नसेल तर आजच महापालिकेत चौकशी करा, आणि लग्न लावणारे भटजी हयात आहेत का तेही विचारून घ्या.